रंग उडालेला लूर टाकू नका

गळाच्या डब्यात तळाशी पडलेला, पोटावरचा रंग खरवडून निघालेला, एक डोळा गळालेला एखादा लूर, म्हणजे माशाला भुलवणारा, गळ लावलेला खोटा मासा, तुमच्याकडेही असणार. तो टाकू नका, एवढंच सांगायला बसलोय. लूर पोहतो तो त्याच्या अंगामुळे. अंग शाबूत असेल, आत पाणी शिरलेलं नसेल, पुढची जीभ (लूरला पाण्यात खाली नेणारी पट्टी) तुटलेली नसेल, तर जुना लूर दुकानातल्या नव्याच्या तोडीस तोड चालतो. माझ्या मते पुष्कळदा नव्याहून बरा, कारण त्याची चाल आपल्या हाताला पाठ झालेली असते. किती जोरात ओढला की किती खाली जातो, कुठे थांबवला की वर तरंगायला लागतो, हे आपण त्याच्याबरोबर कित्येक उन्हाळे-पावसाळे घालवून शिकलेलो असतो. रंग गेला म्हणून ते सगळं कचऱ्यात टाकायचं, हे मला पटत नाही.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका गॅरेजात गाड्यांच्या रंगकामाला आहे. डेंटिंगवाला पत्रा सरळ करून देतो, पुढचं सगळं माझ्याकडे. पुट्टी भरणं, घासणं, सरफेसर म्हणजे रंगाखालचा थर, रंग जुळवणं, वरचा क्लिअर म्हणजे पारदर्शक थर, शेवटचं पॉलिश. सुट्टी मिळाली की मासे. कधी खानापूरकडे मलप्रभेवर, कधी हिडकल धरणाच्या काठाला, कधी मामाच्या गावाकडे सदलग्याला दूधगंगेवर, आणि जमेल तेव्हा चोर्ला घाट उतरून गोव्याच्या खाडीत चोणक माशाच्या मागे. लूर रंगवायचं काम मी घरी करतो. अनगोळात आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक टेबल, एक छोटा कंप्रेसर आणि रंगाच्या बाटल्या आहेत. आधी स्वतःचेच लूर रंगवायचो, मग मित्रांचे, आता निपाणी-चिकोडीकडूनही कुणी ना कुणी डबा घेऊन येतं.

जुना लूर हातात आला की मी लगेच घासायला घेत नाही. आधी नीट बघतो. रंग कुठे गेलाय यावरून त्याचं बरंचसं आयुष्य कळतं. पोटाशी अर्धगोल चरे असतील तर ते त्याच्याच तिकाटी गळाने पाडलेले. ओढताना गळ मागेपुढे झुलतो आणि तेवढ्याच टप्प्यात घासत राहतो. शेपटीकडे बारीक दातांचे ओरखडे पट्ट्याने उमटले असतील तर शिवडा माशाने धरलेला असण्याची शक्यता जास्त, त्याच्या जबड्यात बारीक दात दाटीवाटीने असतात. मरळीचा दात वेगळा, तो खोल रुततो. खाडीत वापरलेल्या लूरवर कालवांच्या आणि खडकाच्या खुणा असतात आणि गळ अडकवायच्या कड्यांना गंज असतो.

आणि एक नुकसान असं आहे की ते पाण्यात होतच नाही, डब्यात होतं. मऊ रबरी किडे आणि रबरी मासे कडक प्लास्टिकच्या लूरबरोबर एकाच कप्प्यात ठेवले की त्या रबरातलं तेल हळूहळू सुटतं आणि शेजारच्या लूरचा रंग, कधी कधी त्याचं प्लास्टिकसुद्धा विरघळवतं. एका बाजूने चिकट, दबलेला, बोटाला रंग लागणारा लूर आला की मी डब्याबद्दल विचारतो. उत्तर बहुतेक वेळा तेच असतं. रबर वेगळ्या पिशवीत ठेवा, अर्धे लूर वाचतील.

मग लूर कानाशी धरून हलवायचा. आवाजासाठी आत घातलेल्या गोळ्यांचा खळखळाट कोरडा ऐकू यायला हवा. डुबुकडुबुक असा आवाज आला तर पाणी आत आहे. दोन अर्ध्या भागांच्या सांध्यात कुठेतरी बारीक चीर असते. कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवून धरला की तिथून बुडबुडे येतात. ती जागा खुणेने धरून ठेवायची, बारीक भोक पाडून पाणी काढायचं, दोन दिवस वाळवायचं आणि मग भोक आणि चीर दोन्ही एपॉक्सीने बंद करायची. हे न करता वरून कितीही सुंदर रंग दिला तरी तो लूर तळाला जाऊन बसणार.

सगळेच लूर रंगवायचे नसतात, हेही सांगितलं पाहिजे. लाकडाचे, काचेच्या डोळ्यांचे आणि कंपनीचं नाव अजून पुसटसं दिसणारे फार जुने लूर असतील तर त्यांना हात लावू नका. जगभर असे लूर जमवणारे लोक आहेत आणि त्यांच्या लेखी मूळ रंगाचा उडालेला पापुद्रासुद्धा मोलाचा. वरून नवा रंग मारला की ती किंमत गेली. पितळेचे, तांब्याचे जुने चमचेही, म्हणजे चमच्याच्या आकाराचे लूर, मी रंगवत नाही. मऊ कापडाने पुसतो, कडी बदलून देतो, बस. धातूची ती जुनी छटा पाण्यात छान दिसते.

एक सुभेदार काका आहेत, मराठा रेजिमेंटमधून निवृत्त झालेले, कॅम्पच्या बाजूला राहतात. त्यांनी एक लाकडी लूर आणला होता, वीतभर नाही पण मोठाच, जाड अंगाचा. रंग जवळजवळ सगळा गेलेला, आणि पाठीवर, माथ्याच्या थोडं मागे, दोन खोल खड्डे. मी अंगठ्याने ते चाचपले आणि म्हटलं, काका, हे पुट्टीने भरून घेतो, अंग एकसारखं होईल. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "ते भरू नकोस. बाकी काय करायचं ते कर, हे दोन दात राहू देत." कुठल्या नदीवर, कुठला मासा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी बाकीचं अंग घासलं, चिरा बंद केल्या, पाठ गडद हिरवी, बाजू सोनेरी केली. त्या दोन खड्ड्यांत मात्र रंग साठू दिला नाही, फक्त पातळ क्लिअर जाऊ दिला, म्हणजे तळाशी मूळ लाकूड दिसत राहील आणि पाणीही आत शिरणार नाही. खड्ड्याच्या काठाला रंग संपतो ती रेघ साफ यावी म्हणून ब्लेडच्या टोकाने मास्किंग टेपचे तांदळाएवढे दोन तुकडे कापावे लागले. गाडीच्या दरवाजावर एवढं बारीक काम कधीच करावं लागत नाही. ते काम माझ्या मनासारखं झालं, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

रंगापेक्षा चाल मोठी, हे मी म्हणतो त्याला आधार आहे. फिनलंडमधला लाउरी रापाला हा साधा मासेमार होता. पाइयाने नावाच्या तळ्यावर तो जाळी आणि गळ घेऊन जायचा. त्याने बघितलं की शिकारी मासा लहान माशांच्या थव्यावर येतो तेव्हा तो कुणालाही धरत नाही, जो जरा वेडावाकडा पोहतो त्यालाच उचलतो. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडातून चाकूने एक मासा कोरला, त्याला ती डगमगती चाल येईपर्यंत तासत राहिला. वरून काय लावलं? चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद. आणि त्यावर संरक्षक थर म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून केलेला लेप. आज त्याच्या नावाची कंपनी जगभर लूर विकते. मला या गोष्टीतला सगळ्यात आवडणारा भाग हा की त्याच्याजवळ रंगाचं दुकान नव्हतं, पण त्याला माशाची चाल माहीत होती, आणि घरात जे पडलं होतं त्यातून त्याने चकाकी आणली.

म्हणून माझ्या टेबलावर रंगाच्या बाटल्यांच्या आधी एक वजनकाटा येतो. सोनाराकडे असतो तसला छोटा. लूर आला की गळ आणि कड्या काढून त्याचं वजन लिहून ठेवायचं, जुना रंग घासल्यावर पुन्हा लिहायचं, आणि नवा रंग-क्लिअर चढल्यावर पुन्हा. सात-आठ ग्रॅमच्या लूरवर जाड क्लिअरचे दोन हात बसले तर अर्धा ग्रॅम सहज वाढतो. तरंगणाऱ्या लूरला ते एक वेळ चालतं, पण जो लूर ओढायचा थांबवल्यावर पाण्यात जागच्या जागी उभा राहतो, त्याला अर्धा ग्रॅम म्हणजे खाली जाऊन बसणं. तसंच जिभेच्या मुळाशी रंग साठला की पाण्याचा प्रवाह बदलतो आणि लूर एका कुशीवर पळायला लागतो. रंग पातळ, पुष्कळ हातांचा, आणि प्रत्येक हात नीट वाळू देऊन. गाडीला हाच नियम, लूरला दुप्पट.

घासायचं काम पाण्याखाली करायचं. ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८००. कोरडं घासू नका. जुन्या रंगांमध्ये शिसं असायचं आणि ती धूळ नाकात जाण्यासारखं वाईट काही नाही. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचा रंग, आणि त्यात परदेशातून आलेला पन्नास वर्षांपूर्वीचा लूर, यांच्याबद्दल खात्री कशी देणार? पाण्यात घासलं की धूळ उडत नाही. घासलेलं पाणी कपड्याने गाळून तो कपडा वेगळा टाकतो, मोरीत ओतत नाही.

गॅरेजमधल्या पोरांना एक मोह होतो, तो म्हणजे थिनर. रंग काढायचाय, मग घ्या बोळा, लावा थिनर. लोखंडावर ठीक आहे. लूरच्या प्लास्टिकवर एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर लावला की ते मऊ पडतं, पारदर्शक जीभ धुरकट होते, तिच्यात बारीक बारीक तडे जातात आणि मग ती पहिल्याच खडकावर मोडते. जीभ आधी टेपने पूर्ण झाकायची, थिनरची बाटली टेबलापासून लांब ठेवायची. पकड घेण्यापुरतं घासलं तरी पुरतं, जुना रंग मुळापासून काढायलाच पाहिजे असं नाही. मग साबणाच्या पाण्याने धुवायचं आणि नंतर उघड्या बोटांनी धरायचं नाही. टायरला चमक आणणारं सिलिकॉनचं पॉलिश हाताला लागलेलं असलं आणि त्याच हाताने लूर धरला, तर त्या जागी रंग बसतच नाही, गोल गोल खड्डे पडत जातात. गाडीच्या बॉनेटवर हे मी इतकं बघितलंय की घरी मी रंगाच्या टेबलाशी हात धुतल्याशिवाय बसत नाही.

गॅरेजची गन इथे उपयोगाची नाही, तिचं तोंड १.३-१.४ मिलिमीटरचं, दरवाजे आणि बंपरसाठी. लूरला ०.३ मिलिमीटरचा एअरब्रश आणि २०-२५ पीएसआय दाबाची हवा पुरे. रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक. सुरुवात कायम पांढऱ्याने. पांढरा तळ नसेल तर वरचा पिवळा पिवळा दिसत नाही, पोपटी तर मातकट होतो. पांढरा वाळला की पोट, मग बाजू, शेवटी पाठ. फिक्याकडून गडदाकडे. माशाचंही असंच असतं, पोट फिकं, पाठ गडद. वरून बघणाऱ्या बगळ्याला पाठ तळाच्या अंधारात मिसळलेली दिसते, खालून बघणाऱ्या मोठ्या माशाला पोट आभाळाच्या उजेडात. आपण मात्र लूर हातात आडवा धरून बघतो आणि बाजूवर सगळा जीव ओततो. माझं ऐका, खालून बघा. लूर डोक्यावर धरा आणि मान वर करून बघा. मासा बहुतेक वेळा तेच बघणार आहे.

खवलं काढायचं काम मला सगळ्यात आवडतं. त्यासाठी जाळी लागते. मी आधी कांद्याच्या पिशवीची जाळी वापरायचो, ती मोठ्या लूरला अजूनही वापरतो. लहान लूरला तिची घरं फार मोठी पडतात. बायकोने खडेबाजारातून ओढणीला लावायच्या बारीक जाळीचा पाव मीटरचा तुकडा आणून दिला, तोच पुरवून पुरवून चाललाय. जाळी लूरभोवती ताणून गुंडाळायची आणि पोटाखाली कपड्याचे चिमटे लावून आवळायची. कुठेही ती अंगापासून सुटलेली नको, सुटली तिथे खवलं फिसकटतात. आता एक विचार आधी करायचा. जाळीच्या घरांत जो रंग जातो तो खवल्याचा, आणि दोऱ्यांच्या खाली जो राहतो तो खवल्याच्या काठाचा. म्हणजे गडद काठाची खवलं हवी असतील तर आधी गडद रंग मारून, वाळवून, वर जाळी लावून फिका मारायचा. उलटं हवं तर उलटं. एअरब्रश सरळ समोरून धरायचा, तिरका धरला की दोऱ्याची सावली पडते. दोन पातळ फवारे, मिनिटभर थांबायचं, आणि जाळी बाजूला सरकवायची नाही, वर उचलायची. ती उचलल्यावर खालून अख्खा मासा समोर येतो तेव्हा मी दरवेळी खूश होतो. घरातली पोरंही तेवढ्यापुरती टेबलाभोवती जमतात.

कल्ल्याची कमान काढायला जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे साचे कापून ठेवलेत. डोळा मात्र साच्याने नाही. वेगवेगळ्या जाडीचे खिळे घ्यायचे, डोकं रंगात टेकवायचं आणि लूरवर सरळ टेकवून उचलायचं. आधी मोठ्या खिळ्याने पिवळा, वाळल्यावर त्याच्या मध्ये लहान खिळ्याने काळा. मी डोळा खऱ्या माशाच्या मानाने थोडा मोठा काढतो. माझा अनुभव असा की मोठ्या डोळ्याच्या लूरला मासा डोक्याकडून धरतो.

आता कुठला रंग? इथे मी दुकानातल्या रंगाच्या तक्त्याचं ऐकत नाही, आपल्या पाण्याचं ऐकतो. आमच्या खानापूर तालुक्याची गंमत अशी की म्हादई आणि मलप्रभा दोघी तिथेच उगम पावतात. म्हादई पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. म्हणून माझ्याकडे लूरचे डबेच दोन आहेत.

पूर्वेकडच्या डब्यात चिलापी पहिली. ही मूळची आपली नव्हे, आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली आणि आता तळी-धरणं तिनं भरून गेलीत. मोठे मासे तिची पिल्लं खातात, मग लूर तिच्यासारखा का नको? अंगाला मातकट हिरवा, वर उभे गडद पट्टे, पण पट्टे ठाशीव नकोत, कडा विरलेल्या हव्यात. पोटाकडे पिवळसर पांढरा. शेपटीच्या काठाला अगदी थोडा तांबडा. हा लूर दुकानात चमकत नाही, काचेमागे ठेवला तर कुणी उचलणारही नाही. हिवाळ्यात पाणी निवळतं तेव्हा हाच मी सगळ्यात आधी बांधतो.

पावसात गणित बदलतं. खानापूरकडे मृगाचे पाऊस लागले की जांभ्याची तांबडी माती घेऊन मलप्रभा लालभडक वाहते. खाली नवीलतीर्थाच्या धरणाकडे काळ्या रानाचं पाणी येतं, तिथे ती राखाडी-मातकट दिसते. अशा पाण्यात बारीक खवलं आणि छटा यांचा काही उपयोग नाही. तिथे आकार दिसला पाहिजे. एक तर पूर्ण काळा लूर, म्हणजे आभाळाच्या उजेडावर त्याची ठसठशीत सावली पडते, नाही तर पोपटी बाजू आणि केशरी पोट. लाल रंग मात्र खोल पाण्यासाठी नको. पाणी उजेडातला लाल भाग सगळ्यात आधी गिळून टाकतं, दोन-चार पुरुष खोलीवर लाल लूर काळपट राखाडी दिसतो. वरच्या हातभर पाण्यात चालतो.

गोव्याच्या डब्यात सगळे चंदेरी. खाडीतला चोणक बारीक चंदेरी माशांवर जगतो, म्हणून गाडीच्या रंगात मिसळतात ती मोत्याची पावडर अगदी चिमूटभर, निळसर पाठ आणि कल्ल्यामागे एक गडद ठिपका. चोणकाचा जबडा खरखरीत आणि कल्ल्याची कड धारदार असते, त्यामुळे तिथल्या लूरला क्लिअरचा एक हात जास्त.

मरळीसाठीचे पोकळ रबरी बेडूक घेऊनही लोक येतात. ते मी घेत नाही. त्या मऊ अंगावर कडक रंग टिकत नाही, दोनदा दाबला की पापुद्रे निघतात, आणि रबरातल्या तेलाने रंग चिकटच राहतो. काळ्या किंवा पिवळ्या मार्करने पोटावर दोन रेघा ओढा, तेवढं पुरतं.

मरळीवरून आठवलं. सदलग्याकडचा एक पोरगा, माझ्या मामेभावाच्या ओळखीचा, मोठ्या हौसेने आला. "मामा, ह्यो लूर एवढा तांबडा-केशरी करून देतासा काय? मरळ पिल्लं राखालीया, तिच्या फुडनं नेला की सोडत न्हाई." त्याचं निरीक्षण बरोबर होतं. मरळीची पिल्लं लालसर-केशरी असतात, पावसाळ्यात त्यांचा झुबका पाण्याच्या वर बुडबुडे काढत फिरतो आणि आई-बाप दोघं खाली पहाऱ्याला असतात. जवळ काहीही आलं की तुटून पडतात. भूक म्हणून नव्हे, पिल्लांसाठी. मी त्याला म्हटलं, "बाळा, राखणारी उचललीस तर दुसऱ्या दिवशी चिलापी येऊन सगळी पिल्लं खाणार. मग पुढच्या वर्षी गळ घेऊन कुठं जातोस?" तो लूर मी त्याला हिरवा-काळा करून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि झुबका दिसला की रॉड खाली ठेवायचा असा शब्द घेतला. हे मी प्रत्येकाला सांगतो. तसंच भीमगडचं. २०११ पासून ते अभयारण्य आहे, तिथल्या ओढ्यांत गळ टाकायचा नाही, कितीही सुंदर पाणी असो. धरणांवरही मासेमारीचे ठेके असतात, आधी ठेकेदाराला किंवा तिथल्या भोई मंडळींना विचारा. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आपली हौस आहे.

शेवटचं काम क्लिअरचं. गाडीचा टू-के (हार्डनर मिसळायचा) क्लिअर सुंदर बसतो, पातळ राहतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसाला घातक रसायन असतं. साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. वायू गाळणारं काडतूस लावलेला मास्क हवा, मोकळी हवा हवी, आणि घरात पोरं असतील तर तो घरी मारूच नका. मी तो गॅरेजच्या बूथमध्येच मारतो, मालकांना विचारून, संध्याकाळी काम संपल्यावर. घरी मी दोन भागांचं एपॉक्सी वापरतो. दोन्ही भाग समसमान, हातमोजे घालून, सावकाश ढवळायचं, भराभरा ढवळलं की बुडबुडे धरतात. काकवीसारखं ते लूरवर हळूहळू पसरतं आणि तसंच खाली ओघळूही लागतं, पोटाशी थेंब जमतो आणि सगळा तोल बिघडतो. म्हणून वाळेपर्यंत लूर फिरता ठेवायचा. गणपतीच्या मागे चक्र फिरवायला जी सावकाश फिरणारी मोटर लावतात, ती घरी माळ्यावर पडून होती. तिच्यावर लाकडी फळी बसवली, फळीला चिमटे, चिमट्यात लूर. मिनिटाला पाच-सहा फेरे, रात्रभर. चतुर्थीच्या आधी ती मोटर परत मखरात जाते, आणि तसंही त्या दिवसांत मी क्लिअर मारतच नाही. श्रावण-भाद्रपदात बेळगावची हवा इतकी दमट असते की लाखेच्या क्लिअरवर पांढरी साय धरते आणि एपॉक्सीवरही चिकट, धुरकट थर येतो. सगळा रंग तयार ठेवायचा, आणि क्लिअरला पाऊस उघडून कोरडी हवा सुटेपर्यंत वाट बघायची. घाई असलेल्यांना मी पावसाळ्यात काम घेतानाच हे सांगतो.

क्लिअर वाळला की कड्यांच्या भोकांतलं साठलेलं एपॉक्सी गरम सुईने मोकळं करायचं, जिभेवरची टेप सोलायची आणि मोठ्या बादलीत गळासकट तरंगवून बघायचं. गळ जुन्याच मापाचे लावा. एक नंबर मोठा तिकाटी गळ लावला तर जेवढं वजन मी रंगात वाचवलं तेवढं परत चढतं. मासा सोडून देणार असाल तर गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, माशाचा जबडा फाटत नाही आणि आपल्या बोटात गेला तरी निघतो.

माझ्याकडे लूर देणार असाल तर गळ काढून, धुऊन आणि रबरी किड्यांपासून वेगळा करून द्या. कुठल्या पाण्यात वापरणार आणि कुठल्या महिन्यात, एवढं चिठ्ठीवर लिहा, रंग मी ठरवतो. साध्या दोन-तीन रंगांच्या कामाला दीडशे, जाळीच्या खवल्यांना तीनशे रुपये. जिथला दात, जिथला ओरखडा तसाच ठेवायचा असेल तिथे टेपचा तुकडा चिकटवून खूण करा. आणि परत नेल्यावर आठ दिवस तो उघड्यावर टांगून ठेवा, लगेच डब्यात बंद करू नका. एपॉक्सी हाताला वाळलेलं लागतं पण आतून घट्ट व्हायला तेवढे दिवस घेतं.